स्पर्धेच्या घोड्यासाठी पागा कशी निवडावी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीसांनी आम्हांस बोलावयाची आज्ञा केली तेव्हा विलायतेतील आमच्या वास्तव्याविषयी काही सांगावे, अशी त्यांची अपेक्षा दिसली. परंतु प्रवासवर्णने आपण सर्वांनी पुष्कळ ऐकली आहेत आणि आता आपल्यापैकी निम्म्या घरांतील मुले परदेशी असल्यामुळे त्यांत नवल उरलेले नाही. त्यापेक्षा गेल्या काही वर्षांत मंडळातील चार-पाच कुटुंबांनी आम्हांस जो एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारला, त्याचेच उत्तर येथे द्यावे असे ठरविले. प्रश्न असा : मुलगी इंग्लंडात शिकते, अश्वारोहण करते, आता स्पर्धेचा घोडा हवा म्हणते, तो ठेवावयाचा कोठे? घोडा घ्यावा की न घ्यावा हे मात्र कोणीही विचारीत नाही. तो निर्णय मुलांनी आधीच घेतलेला असतो.

२०२३ साली हांगचौ येथील आशियाई स्पर्धांत भारताच्या चार तरुण स्वारांनी ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक मिळविले. १९८२ नंतर अश्वारोहणातील हे आपले पहिलेच सुवर्ण. त्या संघात मुंबईचाही एक स्वार होता, आणि चौघांचीही तयारी युरोपातील पागांमध्ये झाली होती. तेव्हापासून हा प्रश्न अधिकच विचारला जातो. आम्ही पशुवैद्य नाही आणि स्वारही नाही. खोगिरावर बसण्याचा आमचा अनुभव माथेरानापुरता मर्यादित आहे. परंतु पागा निवडताना एकदा चांगलीच ठेच लागली असल्यामुळे बोलण्याचा थोडासा अधिकार आम्हांस आला आहे.

आपल्या इतिहासात शिलेदार आणि बारगीर असा भेद होता हे सर्वांना ठाऊक आहे. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा सरकारी पागेतला. इंग्लंडातील लिव्हरी यार्ड म्हणजे या दोहोंच्या मधली वस्तू : घोडा तुमचा, पण ठाण, वैरण आणि देखभाल दुसऱ्याची, भाड्याने. 'लिव्हरी' हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेतून आला असून त्याचा मूळ अर्थ नेमून दिलेला शिधा असा आहे. घोड्याच्या बाबतीत बोलावयाचे तर चंदी-वैरण. हा अर्थ आम्हांस फार उशिरा कळला. आधी कळता तर पुढचा बराच मनस्ताप वाचला असता.

या पागांचे तेथे साधारण तीन प्रकार आहेत. पहिल्यात केवळ ठाण व कुरण मिळते, आणि लीद काढण्यापासून खरारा करण्यापर्यंत सर्व कामे मालकाने सकाळ-संध्याकाळ स्वतः करावयाची. दुसऱ्यात कामे वाटून घेतलेली असतात. तिसऱ्यात सर्व काही पागेकडे. या तिसऱ्या प्रकारास शिक्षण व स्पर्धेची तयारी जोडली की ती स्पर्धकांची पागा होते. आम्ही राहत होतो त्या लंडनच्या दक्षिणेकडील सरे परगण्यात पूर्ण व्यवस्थेस त्या वर्षांत आठवड्यास दीडशे ते अडीचशे पौंड पडत आणि शिक्षणाचे निराळे. दोन घरांचे भाडे भरीत आहोत, असेच दर महिन्यास वाटे.

२०१७ च्या शरदात आम्ही कन्येसाठी आयर्लंडमधून आलेला एक सात वर्षांचा घोडा घेतला. रंगाने सब्जा, वजन साडेपाचशे किलो, स्वभावाने गरीब आणि अडथळा दिसला की कान टवकारून त्याकडे ओढ घेणारा. पासपोर्टावर त्याचे लांबलचक आयरिश नाव होते. घरी आम्ही त्याला बादल म्हणत असू. कन्या तेव्हा चौदा वर्षांची होती. तिचा हट्ट होता की अडथळ्यांच्या स्पर्धांत पुढे जावयाचे तर पागाही तशीच नामांकित हवी. आम्ही उभयता एका रविवारी दुपारी ती पागा पाहून आलो आणि जागच्या जागी होकार देऊन मोकळे झालो.

काय पाहिले आम्ही? विद्युद्दीपांनी उजळलेले, मेणयुक्त वाळूचे विस्तीर्ण रिंगण. स्वाराने आपली बैठक पाहावी म्हणून भिंतीस लावलेले आरसे. कॉफीची खोली, तीत मांडलेले चषक आणि फितींची तोरणे. शिक्षक स्वतः मोठ्या स्पर्धांतून उतरलेले. घोड्यांची ठाणे आम्ही पाहिली ती चालता चालता, आणि कुरणांकडे तर वाहन लावावयाच्या जागेवरूनच नजर टाकली. ती हिरवीगार होती, एवढे पुरे वाटले.

भगिनी-बंधूंनो, स्वार घोड्याच्या पाठीवर असतो दिवसातून एक तास. उरलेले तेवीस तास तो घोडा कोठे असतो, काय खातो, कोणाशेजारी उभा असतो, हे त्या दिवशी आम्ही विचारलेच नाही. आम्ही एका तासाची पागा निवडली होती.

नोव्हेंबर उजाडला आणि पहिला धडा मिळाला. सरे परगण्याचा तो भाग चिकणमातीचा आहे. पावसाळा तेथे हिवाळ्यातच असतो, आणि ते हिरवे कुरण पंधरा दिवसांत भातखाचरासारखे झाले. जमीन तुडवून खराब होते म्हणून घोड्यांना बाहेर सोडणे बंद झाले, ते थेट मार्चपर्यंत. तेवढ्याच परगण्यात वालुकाश्माच्या किंवा खडूच्या टेकडीवर पागा असती तर पाणी निचरून गेले असते. कुरणाची माती कोणती, हे पाहण्याइतके शेतीचे ज्ञान आमच्या आजोबांस होते. आम्ही मात्र आरसे पाहत बसलो.

दुसरा धडा वैरणीचा. घोडा हा सतत चरणारा प्राणी आहे. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते आणि त्यात आम्ल अखंड झिरपत राहते, पोटात काही असो वा नसो. म्हणून जाणते लोक सांगतात की वजनाच्या निदान दीड टक्का कोरडी वैरण त्यास रोज मिळावी, आणि तीही दिवसभर विभागून. आमच्या बादलास जानेवारीत बरगड्या दिसू लागल्या. खोगिराचा पट्टा आवळताना तो दात विचकू लागला आणि ज्या अडथळ्यांकडे पूर्वी ओढ घेई, त्यांपुढे थबकू लागला. शिक्षक म्हणाले, खोडी आहे, चाबूक दाखवा. आमच्या सौभाग्यवतींस ते पटेना. मुंबईस येताना विमानाचे सामान तोलण्यासाठी आम्ही जो लटकता काटा वापरतो, तो त्यांनी एके दिवशी पिशवीत घातला आणि पागेत जाऊन वैरणीचे जाळे तोलले. तीन किलो. सकाळी एक जाळे आणि सायंकाळी पाच वाजता एक, म्हणजे दिवसास सहा किलो. त्यातून ओलावा वजा करा. हवी होती सुमारे दहा किलो. सायंकाळचे जाळे आठपर्यंत संपे आणि पुढचे सकाळी सात वाजता येई. अकरा तास रिकामे पोट आणि समोर भिंत!

पशुवैद्यांनी लांब नळी घालून जठर पाहिले. व्रण होते. स्पर्धेच्या घोड्यांत हा विकार अगदी नित्याचा आहे, असे त्यांनी सांगितले. सुमारे महिनाभर औषध चालले. आम्ही स्वखर्चाने वैरणीच्या गठड्या नेऊन दिल्या आणि घोडा सुधारला. तेव्हाच पागा सोडावयाची. परंतु शिक्षक चांगले होते, कन्येची प्रगती होत होती, आणि मैत्रिणीही तेथेच होत्या. आम्ही राहिलो. हा दोष सर्वस्वी आमचा.

येथे थोडे विषयांतर करतो. छत्रपती शिवाजी महाराजांनी चिपळूणनजीक हलवर्ण येथे छावणीस राहिलेल्या पागेच्या जुमलेदार-हवालदारांस लिहिलेले पत्र आपल्यापैकी अनेकांनी शाळेत वाचले असेल. रयतेस काडीचाही त्रास देऊ नये, या आशयासाठी ते प्रसिद्ध आहे. पण ते सबंध वाचून पाहावे. पागेची व्यवस्था कशी असावी यावरचे ते एक काटेकोर टिपण आहे. पावसाळ्याची बेगमी म्हणून दिलेला दाणा आणि गवत आताच मन मानेल तसे उधळाल तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरू लागतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, हा त्यातील मुख्य इशारा. दुसरा इशारा आगीचा : कोणी चूल पेटवील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, रात्री दिवा जळत राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी भस्म होईल. ज्या राजाच्या डोळ्यांपुढे राज्याभिषेकापर्यंतची कामे उभी होती, तो उंदराच्या तोंडातील वातीचा विचार करीत होता. पागा पाहावयास जाल तेव्हा वैरणीचे कोठार ठाण्यांपासून किती दूर आहे, आग विझविण्याची साधने कोठे आहेत आणि रात्री तेथे कोण राहतो, हे तीन प्रश्न आपण अवश्य विचारा.

आता मूळ कथेकडे वळतो. ७ फेब्रुवारी २०१९ रोजी घोड्यांच्या फ्ल्यूमुळे ब्रिटनमधील सर्व शर्यती सहा दिवस बंद ठेवण्यात आल्या. देशभर पागांचे दरवाजे बंद झाले. नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या पागेत एका व्यापाऱ्याकडून आलेला नवा घोडा उतरला, आणि तो बादलाच्या शेजारच्याच ठाणावर बांधला गेला. सुदैवाने काही झाले नाही. परंतु नव्या घोड्यास दोन-तीन आठवडे वेगळे ठेवावे, त्याची बादली व मोतद्दारही वेगळा असावा, स्ट्रँगल्ससारख्या संसर्गाची तपासणी व्हावी, हा साधा नियम तेथे नव्हता. त्याला वेगळे ठेवावयास जागाच नव्हती. सर्व ठाणी भाड्याने गेलेली. पुढे २०२१ साली स्पेनमधील व्हॅलेन्सियाच्या स्पर्धांत घोड्यांच्या हर्पीज विषाणूची साथ पसरली, अनेक उमदे घोडे दगावले आणि युरोपातील कितीतरी स्पर्धा रद्द कराव्या लागल्या. स्पर्धेची पागा म्हणजे सतत ये-जा असणारी धर्मशाळा. तेथे वेगळ्या ठाण्याची सोय इतर पागांपेक्षा अधिक लागते, आणि जागा महाग असल्यामुळे नेमकी तीच आधी भाड्याने जाते.

शेवटचा धडा एप्रिलमधला. बादलाच्या पलीकडे एक म्हातारा घोडा होता. त्याच्या सांधेदुखीसाठी त्याच्या चंदीत फेनिलब्यूटाझोन हे वेदनाशामक रोज मिसळले जाई. एका रविवारी बदली मोतद्दाराने ती बादली चुकून बादलापुढे ठेवली. बिचारा मुलगा नवखा होता. दोन दिवसांनी त्यानेच भीत भीत कन्येस सांगितले. शनिवारी तिची वर्षातील सर्वांत महत्त्वाची पात्रता-स्पर्धा होती. या औषधाचा अंश शरीरात सुमारे आठवडाभर सापडू शकतो, स्पर्धेच्या वेळी ते निषिद्ध आहे, आणि घोड्याच्या रक्तात काय सापडले याची जबाबदारी नियमाने प्रथम स्वारावर येते. पागेच्या मालकांस आम्ही विचारले. ते म्हणाले, "तपासणी क्वचितच होते. कोणास कळणार नाही."

आम्ही घरी आलो. रात्री जेवण झाले नाही. शुल्क भरलेले होते, वर्षभराची मेहनत होती. खोटे कशास बोलावे, मालकांचे म्हणणे ऐकावे असा विचार आमच्याही मनास शिवून गेला. कन्या तेव्हा सोळा वर्षांची होती. ती सकाळी खाली आली आणि म्हणाली, "बाबा, मी नाव काढून घेतलं. आणि त्याला तिथे ठेवायचं नाही." एवढे बोलून ती शाळेत गेली. तिचे डोळे सुजलेले होते. ते वर्ष तिचे गेलेच.

त्यानंतर आम्ही सात पागा पाहिल्या, आणि या खेपेस रीत बदलली. एकदा वेळ ठरवून जावयाचे व दुसऱ्यांदा न कळविता, सायंकाळी आठच्या सुमारास. त्या वेळी ठाण्यांत वैरण शिल्लक आहे का, पाणी स्वच्छ आहे का, हे नुसत्या डोळ्यांनी दिसते. ठाण्यात वाकून श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर बिछायत खाली कुजत आहे आणि तोच वास घोडा रात्रभर घेत आहे असे समजावे. ठाण बारा फूट लांब व बारा फूट रुंद तरी असावे, मोठ्या घोड्यास त्याहून अधिक. कुरणात पिवळ्या फुलांचा रॅगवर्ट उगवलेला नसावा, तो यकृताचा नाश करतो. कडेला सिकॅमोरची झाडे असतील तर शरदात त्यांचे बी व वसंतात रोपे घोड्याच्या जिवावर उठू शकतात, त्यांची काय व्यवस्था आहे ते विचारावे. मोतद्दार किती दिवस टिकतात हेही विचारावे, पण मालकास विचारू नये. ते मोतद्दारांनाच विचारावे.

इंग्लंडात अश्वारोहणाच्या शाळांस परवाना लागतो. लिव्हरी यार्डास मात्र लागत नाही. ब्रिटिश हॉर्स सोसायटी काही पागांस पाहणी करून मान्यता देते, तिचा उपयोग होतो. बाकी सारा भार लेखी करारावर. आमच्या पहिल्या करारात भाडे कधी भरावे याची चार कलमे होती. मालकाशी संपर्क न झाल्यास रात्री पोटशूळ उठलेल्या घोड्यासाठी पशुवैद्य कोणी बोलवावा, शस्त्रक्रियेस संमती कोणी द्यावी, याविषयी अक्षर नव्हते. पोटशुळात तासांचा हिशेब असतो. हे कलम स्वतः लिहून घालावे, आणि पागेचा विमा तिच्या ताब्यातील परक्या घोड्यासही लागू आहे का, तेही पाहून घ्यावे.

सातवी पागा टेकडीच्या उतारावर होती. आरसे नव्हते. रिंगण लहान आणि एका बाजूस थोडे खचलेले. चहा मोतद्दारांच्या खोलीत, दांडा मोडलेल्या कपातून. परंतु रस्त्यापलीकडे एक वेगळे ठाण रिकामे ठेवलेले होते, आणि ते भाड्याने मागितले तरी मिळत नसे. औषधाच्या बादल्या लाल, झाकणाच्या, कुलपात. फळ्यावर प्रत्येक घोड्याची चंदी, वैरणीचे किलो, लशीची तारीख आणि पशुवैद्याचा क्रमांक. पागेच्या वृद्ध बाई आम्हांस काही दाखविण्यापूर्वी स्वतःच प्रश्न विचारू लागल्या : लिदीतील जंतांची अंडी शेवटची कधी मोजली? कोणत्या घोड्याशी त्याचे पटत नाही? तो रात्री आडवा होऊन झोपतो का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. घोडा उभ्याने डुलकी घेतो, परंतु गाढ झोपेसाठी त्यास थोडा वेळ तरी आडवे व्हावे लागते, आणि निर्धास्त वाटल्याखेरीज तो आडवा होत नाही. दीड वर्ष भाडे भरून हे आम्हांस कोणी सांगितले नव्हते.

तेथे शिक्षक नव्हते, ही अडचण खरी होती आणि ती लपविण्यात अर्थ नाही. आठवड्यातून दोनदा घोडागाडीत घालून बादलास शिक्षकांकडे न्यावे लागे, चांगले रिंगण तासावर भाड्याने घ्यावे लागे. खर्च फारसा वाचला नाही, वेळ मात्र दुप्पट गेला. कन्येच्या जुन्या मैत्रिणी तिच्या पुढे निघून गेल्या. काही महिने ती आमच्याशी थोडी तुटकच वागे, कारण पागा बदलण्याचे तिने सुचविले असले तरी ही विशिष्ट पागा आम्ही निवडली होती. ज्याला राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचावयाचे आहे, त्याला शिक्षकापासून इतके दूर राहून चालणार नाही, हेही आम्ही मान्य करतो. अशांनी दोन्ही गोष्टी एका जागी शोधाव्यात. त्या मिळतात, परंतु दुर्मीळ आहेत, आणि त्यांच्यासाठी थांबावे लागते.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. पुष्कळ पागांनी मालकांस येण्यास मनाई केली. आम्ही कित्येक आठवडे बादलास पाहू शकलो नाही. त्या काळात बाई रोज सायंकाळी एक छायाचित्र पाठवीत, आणि त्याखाली किलोचा आकडा.

आपल्याकडे मुंबई-पुण्यास घोडा ठेवणाऱ्यांसाठी दोन शब्द. मुंबईत मोकळे कुरण मिळणे कठीण. तेथे घोड्यास हातात धरून दिवसातून किती वेळ बाहेर काढतात, हे विचारावे. पागा पाहावयाची ती जानेवारीत पाहू नये, भर श्रावणात पाहावी. वैरणीस बुरशी धरली आहे का, ते त्या महिन्यातच कळते, आणि बुरशीची धूळ घोड्याच्या फुप्फुसांस घातक असते. ग्लँडर्स हा रोग आपल्या देशात अद्याप आढळतो व तो माणसासही होतो. नव्या घोड्यांची रक्ततपासणी झाल्याचे कागद मागावेत, संकोच करू नये. मोतद्दारांची राहण्याची जागाही पाहावी. ज्यास रात्री कोरडी जागा मिळत नाही, तो तुमच्या घोड्याकडे मध्यरात्री उठून पाहील अशी अपेक्षा करणे आम्हांस तरी अन्याय्य वाटते.

२०२२ साली आम्ही स्वदेशी परतलो. कन्या विद्यापीठात गेली आणि बादल त्याच पागेत, शेजारच्या गावातील एका मुलीच्या हाती राहिला. सब्जे घोडे वयाबरोबर पांढरे होत जातात, तसा तो आता जवळजवळ पांढरा दिसतो. त्याच्या लहान स्पर्धा अद्याप चालू आहेत. गेल्या रविवारी बाईंचा संदेश आला : पाऊस फार, कुरण टिकून आहे, वैरण साडेदहा किलो, पहाटे पाचला पाहिले तेव्हा आडवा होऊन घोरत होता.